आठ माणसं, दोन मराठी डॉक्टर आणि एक दारूचं दुकान : बीएनएचएसची सुरुवात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, इंग्रज शिकाऱ्यांनी हौसेखातर काढली असं सगळीकडे ऐकायला मिळतं, मग संस्थापकांच्या यादीत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन ही दोन नावं काय करताहेत? ही माणसं कोण होती, आणि त्यांना नुसतं शोभेला घेतलं होतं का?

मी तीस-बत्तीस वर्षं मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन भायखळ्यापासून फोर्टापर्यंत या संस्थेच्या जुन्या पत्त्यांवरून फिरतो. राणीच्या बागेच्या फाटकापाशी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. तिथे उन्हात पाच मिनिटांत उरकावं लागतं. इथे ऐसपैस सांगतो.

आधी तारीख. १५ सप्टेंबर १८८३, शनिवार. जागा भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईत राहणारे आठ जण तिथे जमले. ठरलं ते एवढंच : महिन्यातून एकदा भेटायचं, प्राण्यांविषयी कोणी काय पाहिलं ते सांगायचं, एखादा चांगला नमुना हाती लागला असेल तर आणून दाखवायचा आणि एकमेकांचा हुरूप वाढवायचा. जंगल वाचवणं, प्रजाती वाचवणं ही भाषा त्या उद्देशात कुठेही नाही. ती पुष्कळ नंतर आली. वनस्पतींचाही उल्लेख सुरुवातीला नाही. भर सगळा प्राण्यांवर. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे एका वनस्पतीवाल्याची गोष्ट यायची आहे.

आठ जण असे : ई. एच. एटकेन, कर्नल चार्ल्स स्विन्हो, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन, डॉ. जी. ए. मॅकोनॉची, डॉ. डी. मॅक्डोनाल्ड, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सहा युरोपीय, दोन आपल्याकडचे. आणि आठांत चार डॉक्टर, याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

आता त्या ‘शिकारी’ प्रकरणाचं बघू. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत लष्करी अधिकारी, जंगल खात्यातले साहेब, मळेवाले मोठ्या संख्येने सभासद झाले. संस्थेच्या नियतकालिकात वाघ-बिबट्यांच्या शिकारीच्या हकिकती छापून येऊ लागल्या, शिंगांची मापं येऊ लागली. १९०० नंतरचं ते चित्र आपण उचलतो आणि १८८३ वर चिकटवतो. मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत वर्गात तेच सांगत असे. पण त्या शनिवारी जमलेल्यांकडे एकेक करून पाहा. पहिला चिटणीस झाला तो माणूस मिठाच्या खात्यात नोकरीला होता आणि घरातल्या मुंग्या, पाली, उंदीर, कावळे यांवर लिहायचा. कर्नल होता तो पतंग धरायचा. आकाशातले नव्हेत, दिव्यावर येणारे. उरलेल्यांत चौघे डॉक्टर. बंदुकीपेक्षा जाळी, चिमटा आणि टाक यांचाच कारभार जास्त.

एटकेनपाशी जरा थांबतो, कारण तो मला फार आवडतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १६ ऑगस्ट १८५१, आणि कुठे, तर साताऱ्यात. वडील रेव्हरंड जेम्स एटकेन, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. मुलाला त्यांनी बराचसा घरीच शिकवला. पुढचं शिक्षण मुंबई-पुण्यातलं. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. आणि एम.ए. या दोन्ही परीक्षांत हा पहिला आला. १८७० ते १८७६ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तो लॅटिन शिकवत होता. त्यातली शेवटची काही वर्षं बाळ गंगाधर टिळक नावाचा एक विद्यार्थी त्याच आवारात होता. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात आणि ते लगेच दोघांची गाठ घालून द्यायला निघतात. मी त्यांना म्हणतो, आवार एक होतं, एवढ्यावर समाधान माना.

१८७६ मध्ये एटकेन मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात लागला. त्या काळी मिठावर सरकारी कर होता, तेव्हा मिठागरं राखायला आणि चोरटं मीठ पकडायला अधिकारी लागत. खारघोडा, उरण, कारवारकडचा मुलूख, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा त्याच्या बदल्या होत राहिल्या. खारघोडा म्हणजे कच्छच्या छोट्या रणाची कड. करमणुकीला चिटपाखरू नाही. अशा ठिकाणी बंगल्यात एकट्याने राहणारा बुद्धिमान माणूस काय करणार? बाटलीकडे वळतो नाहीतर पालीकडे. हा पालीकडे वळला. बंगल्यात आणि आवारात जे जे प्राणी न विचारता येऊन राहतात त्यांच्यावर त्याने खुसखुशीत लेख लिहिले. ते आधी टाइम्स ऑफ इंडियात आले आणि मग १८८३ मध्येच पुस्तक होऊन निघाले. सही करायचा ती नुसती ‘एहा’. नावाची तीन आद्याक्षरं, ई, एच, ए.

या सगळ्याचा सोसायटीशी संबंध काय? मला वाटतं, सरळ आहे. एकट्याने पाहणाऱ्या माणसाला आपण पाहिलं ते दुसऱ्याला दाखवायची भूक असते. पाठ्यपुस्तकातला प्राणिशास्त्रज्ञ संग्रहालयासाठी काम करतो. हा माणूस व्हरांड्यात बसून पाहणारा होता. ‘टिपणं सांगायची, नमुने दाखवायचे’ हा संस्थेचा उद्देश मला तरी एटकेनच्या स्वभावाचा उतारा वाटतो. चिटणीसही तोच झाला, मार्च १८८६ पर्यंत. पुढे गोव्याच्या सरहद्दीवर हिवतापाच्या चौकशीत त्याला डासाची एक नवी जात सापडली आणि तिला त्याचंच नाव मिळालं : ॲनॉफिलिस एटकेनी. मिठाच्या खात्यातल्या अधिकाऱ्याचं नाव डासाला. गेला १९०९ मध्ये, एडिंबरोत.

‘इंग्रजांनी काढली’ या वाक्यात हा माणूस नीटसा बसत नाही, असं माझं म्हणणं आहे. रक्ताने स्कॉटिश, जन्माने सातारकर, पदवी मुंबईची, नोकरी कोकणातली. साहेब होताच, त्याबद्दल वाद नाही. पण बोटीतून उतरून दोन वर्षांत ‘नेटिव्ह’ मुलखावर ग्रंथ लिहिणारा साहेब नव्हे.

कर्नल स्विन्होचंही थोडं तसंच. जन्म १८३८, कलकत्त्याचा. भाऊ रॉबर्ट स्विन्हो, चीनमधल्या पक्ष्यांवर आणि प्राण्यांवर काम केलेला नामांकित निसर्ग-अभ्यासक, म्हणजे घरातच वेड होतं. चार्ल्स १८८० मध्ये कंदाहारच्या मोहिमेवर होता आणि लढाईच्या धामधुमीतही तिथले शेकड्यांनी पक्षी गोळा करून आला. पण खरा जीव फुलपाखरं आणि पतंगांवर. १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांवरचा त्याचा निबंध लंडनमध्ये छापून आला. शेवटी त्याच्या संग्रहात चाळीस हजारांच्या आसपास पतंग होते म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारे पाखरांचे थवे पाहून आपण दिवा घालवतो. हा माणूस दिवा लावून बसायचा.

अँडरसन, जॉन्स्टन, मॅकोनॉची, मॅक्डोनाल्ड यांच्यापाशी मी थांबत नाही. तुमचा रोख त्या दोघांवर आहे, तिकडे जाऊ.

पहिली अडचण नावांची. जुनी कागदपत्रं चाळणाऱ्याने हे गाठीशी बांधून ठेवावं, की त्या काळी मुंबईतले शिकलेले मराठी लोक कागदावर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहीत, आडनाव घरी. आत्माराम पांडुरंग म्हणजे आत्माराम पांडुरंग तर्खडकर. सखाराम अर्जुन म्हणजे सखाराम अर्जुन राऊत. इंग्रजी सूचीकाराला हे ठाऊक नसतं, तो शेवटचा शब्द आडनाव समजतो. म्हणून जुन्या इंग्रजी औषधी-ग्रंथांत एक ‘एस. अर्जुन’ वारंवार भेटतो. अमुक मुळी मुंबईच्या बाजारात अमुक नावाने मिळते, आधार : एस. अर्जुन. मी कितीतरी वर्षं हा कोणी दक्षिणेकडचा गृहस्थ असावा असं समजत होतो. ते आपले सखाराम अर्जुन राऊत, हे कळलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. आणि एका कॉलेजच्या प्रदर्शनात मी स्वतः फलक पाहिलाय : वर ‘संस्थेचे आठ इंग्रज संस्थापक’ असा मथळा आणि खाली यादीत ही दोन नावं. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीने विचारलं, ‘‘सर, आत्माराम इंग्रज होता?’’ फलक लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते तिला सुचलं.

आत्माराम पांडुरंग त्या सभेतले वडीलधारे असणार. जन्म १८२३, म्हणजे साठीला आलेले. थोरले बंधू दादोबा पांडुरंग, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघालं आणि ज्यांना आपण मराठीचे पाणिनी म्हणतो. आत्माराम मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले. हे कॉलेज १८४५ मध्ये भायखळ्याला, जे. जे. रुग्णालयाच्या शेजारी सुरू झालं. हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. शिक्षण झाल्यावर काही काळ त्यांनी भिवंडीकडे देवीच्या रोगाची लस टोचण्याचं काम केलं. हे आज वाचायला सोपं वाटतं. १८५० च्या सुमाराला देवी म्हणजे साक्षात देवीचा कोप, आणि लस म्हणजे गाईच्या फोडातला द्रव पोराच्या दंडात घालायचा. दारोदार जाऊन तो घालू द्या म्हणून पटवणाऱ्याला पुस्तकी विज्ञान पुरत नाही.

मुंबईला त्यांची मोठी ओळख आहे ती प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून. ३१ मार्च १८६७. त्याच्या आधी दादोबांची परमहंस सभा झाली होती. जातिभेद मोडण्याची शपथ घेतलेली, पण चोरून भरणारी. सभासदांची नावं फुटली तशी ती विस्कटली. प्रार्थना समाजात लपवाछपवी नव्हती. पुढे रानडे, भांडारकर आले आणि समाजाला भार आला. १८७९ मध्ये आत्माराम पांडुरंग काही काळ मुंबईचे शेरीफ होते. आणि त्याच्या आदल्या वर्षी विलायतेला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा इंग्रजी चालीरीती शिकायला त्यांच्या घरी राहून गेला. त्याचं नाव रवींद्रनाथ. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेहून परतलेली होती. तिच्याकडे शिकवण्याचं काम होतं. शिकवणीपेक्षा कविताच जास्त झाल्या, पण ती गोष्ट निराळी. आपल्या कामाची गोष्ट ही, की या अन्नपूर्णेने पुढे हॅरोल्ड लिटलडेल या बडोद्यातल्या शिक्षकाशी लग्न केलं, आणि लिटलडेल हा गुजरातच्या पक्ष्यांची घरटी शोधत हिंडणारा माणूस होता. म्हणजे सोसायटी निघण्याआधीच डॉक्टरांच्या घरात जेवणाच्या टेबलावर पक्षी येऊन बसलेले होते.

सखाराम अर्जुन वयाने बरेच लहान, जन्म १८३९. तेही ग्रँट मेडिकलचेच, आणि तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवणारे. इथे हे समजून घ्या, की त्या काळच्या डॉक्टरीत वनस्पतिशास्त्र हा लांबचा विषय नव्हता. औषधं कारखान्यात गोळीच्या रूपात तयार होत नव्हती. साल, मूळ, बी, राळ, पान यांच्या रूपात ती बाजारात मिळत. काष्ठौषधींच्या दुकानात ज्याला ‘अमुक’ म्हणतात तीच सुरतेकडे ‘तमुक’ असते, आणि तिसऱ्याच झाडाची साल त्याच नावाने खपवलेली असते. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची तर हातातली मुळी कोणत्या झाडाची आहे हे ओळखता आलं पाहिजे. सखाराम अर्जुनांनी हे काम मुळापासून केलं. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली. मघाचा तो ‘एस. अर्जुन’ या सूचीमुळेच नंतरच्या प्रत्येक ग्रंथात जाऊन बसला.

त्यांचं घर आज आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्या कारणाने. त्यांनी जयंतीबाई या विधवेशी लग्न केलं. तिला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती. तीच रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी पाठवलेली नाही, सावत्र वडिलांच्या घरी वाचत-लिहीत मोठी झाली आणि नवऱ्याने बोलावणं धाडलं तेव्हा ‘नाही’ म्हणाली. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात दावा लावला. सखाराम अर्जुन तिच्या बाजूने उभे राहिले. पण निकाल ऐकायला ते उरले नाहीत. एप्रिल १८८५ मध्ये ते वारले आणि न्या. पिन्हे यांचा रखमाबाईंच्या बाजूचा पहिला निकाल लागला सप्टेंबर १८८५ मध्ये. पुढे अपील, १८८७ चा उलटा निकाल, ‘नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग’, तिने तुरुंग पत्करायची दाखवलेली तयारी आणि शेवटी १८८८ ची तडजोड, हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल.

म्हणजे पाहा. संस्थेच्या पहिल्या सभेला बसलेला एक मराठी डॉक्टर सहाच महिन्यांनी देश ढवळून काढणाऱ्या खटल्यात ओढला जाणार होता. दुसऱ्याने सोळा वर्षांपूर्वी प्रार्थना समाज काढला होता. ही माणसं शोभेला बसवायची असती तर सोपी, वादात न सापडलेली, चार पैसे सोडणारी नावं मुंबईत थोडी होती का? शेठ होते, सर होते. शोभेसाठी लोक त्यांना गाठतात.

त्यात साल १८८३. इल्बर्ट बिलाचं साल. हिंदी न्यायाधीशाला मुफसलात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या मुलखात, युरोपीय आरोपीचा खटला चालवता यावा, एवढ्याशा मुद्द्यावरून साहेबांच्या वसाहती पेटल्या होत्या. मुंबईचे साहेब कलकत्त्याइतके भडकले नाहीत, तरी हवा तीच. आणि ज्या भायखळ्यात ही सभा झाली त्याच भायखळ्यात भायखळा क्लब होता, जिथे हिंदी माणसाला सभासद म्हणून दार बंद. म्युझियममधलं टेबल त्या मानाने वेगळं होतं. त्याला मी समतेची क्रांती वगैरे म्हणणार नाही. पण कोणी काय पाहिलं हे ऐकायचं असेल तर ज्याने पाहिलंय त्याला आत घ्यावंच लागतं, हे बहुधा त्यांना कळलेलं होतं.

त्या म्युझियमचीही एक गंमत. भायखळ्याची ती इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली. ती उभी राहावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, तेही ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले. जे. जे. रुग्णालयापासून राणीची बाग चालत जाण्याच्या अंतरावर. बागेत झाडं, बाजूला म्युझियममध्ये पेंढा भरलेले प्राणी आणि नमुने, पलीकडे कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे तास. मी मुलांना तिथे उभं करून चारी दिशांना बोट दाखवतो. आठ माणसं भायखळ्यालाच का जमली हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता उलट बाजू. आपली माणसं म्हणून या दोघांना फुगवू नये, ही माझी कळकळीची विनंती. हल्ली समाजमाध्यमांवर ‘दोन मराठी डॉक्टरांनी स्थापन केलेली सोसायटी’ असं लिहिलेलं फिरतं, ते तितकंच चूक आहे. सखाराम अर्जुन संस्थेच्या जन्मानंतर दीड-एक वर्षातच गेले; नियतकालिकाचा पहिला अंकसुद्धा त्यांनी पाहिला नाही. आत्माराम पांडुरंग १८९८ पर्यंत जगले, पण त्यांचा जीव समाजकार्यात जास्त गुंतलेला. पहिली काही वर्षं संस्था रेटली एटकेनने, आणि पुढे ती खऱ्या अर्थाने जगवली एका नवव्या माणसाने, ज्याचं नाव आठांत नाहीच.

तो हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन. धंदा, विलायती वाईन आणि दारूचा. १८७८ मध्ये मुंबईत आलेला, तिशीतला. सभा भरायला म्युझियम ठीक, पण नमुने ठेवायचे कुठे? साप, खोके, बाटल्या, शिंगं कोणी घरी ठेवू देत नाही. घरच्या मंडळींचं म्हणणं तेव्हाही हेच असणार. जानेवारी १८८४ मध्ये फिप्सनने फोर्टात १८, फोर्ब्स स्ट्रीट इथल्या आपल्या दुकानातली एक खोली देऊ केली. आज हा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग, काळा घोड्याजवळ. १८८६ मध्ये एटकेनकडून चिटणीसपद फिप्सनकडे आलं आणि वीस वर्षं, १९०६ पर्यंत, तिथेच राहिलं. कार्यालय अपोलो स्ट्रीटवर गेलं, म्हणजे आजच्या मुंबई समाचार मार्गावर. वाईनच्या पिंपांचा वास आणि स्पिरिटमधल्या सापांचा वास एकाच जिन्यावर, असं मी मुलांना सांगतो. थोडं माझं तिखटमीठ समजा. फिप्सनला सापांचा खास नाद होता. पश्चिम घाटातल्या जमिनीत राहणाऱ्या एका निरुपद्रवी सापाच्या शास्त्रीय नावात तो आजही आहे : युरोपेल्टिस फिप्सोनी. पावसाळ्यात लोणावळ्याकडे दगड उलटला तर दिसू शकतो. दिसला तर दगड हळूच परत ठेवा.

आणि आता ते धागे कसे जुळतात पाहा. डिसेंबर १८८३ मध्ये, सोसायटी निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात, डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. एडिंबरोत बायकांना वैद्यकी शिकू द्या म्हणून झगडलेल्या पहिल्या सात जणींपैकी एक. बायकांसाठी निघणाऱ्या कामा हॉस्पिटलची जबाबदारी घ्यायला आलेल्या. १८८९ मध्ये त्यांनी फिप्सनशी लग्न केलं. रखमाबाईंना खटल्याच्या काळात आधार देणाऱ्यांत आणि नंतर लंडनला डॉक्टरी शिकायला पाठवण्यासाठी धडपडणाऱ्यांत त्या पुढे होत्या. म्हणजे एका संस्थापकाची मुलगी, आणि तिला वाट दाखवणारी त्याच संस्थेच्या चिटणिसाची पुढे झालेली बायको. रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला रुजू झाल्या.

यावरून सोसायटीने स्त्रीशिक्षणाला हातभार लावला असं कृपा करून लिहू नका. तिने तसं काही केलं नाही. ती बेडूक आणि बुलबुल यांतच रमलेली होती. पण १८८० च्या दशकातली शिकलेली मुंबई किती लहान होती हे यातून दिसतं. ग्रँट मेडिकल, प्रार्थना समाज, हायकोर्ट, टाइम्सचं कार्यालय, कामा हॉस्पिटल आणि फिप्सनचं दुकान यांत तीच तीच माणसं ये-जा करीत. विज्ञानाची संस्था आणि सुधारणेची चळवळ हे आपण इतिहासाच्या दोन वेगळ्या धड्यांत शिकतो. त्या लोकांना असे वेगळे धडे नव्हते.

संस्था टिकली कशामुळे, हेही विचारात घ्या. गप्पांची मंडळं मुंबईत पैशाला पासरी निघाली आणि बुडाली. माझ्या मते दोन गोष्टी. एक, फिप्सनची खोली. दुसरी, जानेवारी १८८६ मध्ये सुरू झालेलं नियतकालिक, ज्याचे पहिले संपादक एटकेन आणि चित्रकार-निसर्गलेखक स्टर्नडेल. या नियतकालिकामुळे मुंबईच्या खोलीत येऊ न शकणारा माणूससुद्धा आत आला. रत्नागिरीचा मामलेदार, कारवारचा फॉरेस्ट अधिकारी, आसामचा मळेवाला, कोणीही एक टिपण पाठवायचं आणि ते छापून यायचं. आणि त्यात आपल्याकडची नावं हळूहळू वाढली. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मला सखाराम अर्जुनांचे खरे वारस वाटतात. लष्करी डॉक्टर, अफगाण युद्धात जाऊन आलेले, मराठीत कविता करणारे आणि औषधी वनस्पतींचे जाणकार. मुंबईतल्या विषारी वनस्पतींवरची त्यांची लेखमाला याच नियतकालिकात आली. प्राण्यांपुरती म्हणून निघालेल्या संस्थेत वनस्पती शिरल्या त्या अशा, डॉक्टरांच्या हातातून.

फिप्सननंतर त्याच्याच पेढीतला मिलार्ड चिटणीस झाला. १९०८ च्या सुमारास खेतवाडीचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन त्याच्याकडे आला आणि मिलार्डने त्याला कपाटं उघडून दाखवली. त्या सलीम अलींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो. एवढंच म्हणेन, की कपाटं उघडून दाखवणं हेच तर १५ सप्टेंबरला ठरलेलं काम होतं.

विल्यमबद्दल मात्र सांगतोच, मुलांना तोच सगळ्यात आवडतो. विल्यम हा मोठा धनेश, म्हणजे हॉर्नबिल पक्षी. १८९४ मध्ये जन्मला आणि तीन महिन्यांचा असताना कारवारहून संस्थेकडे आला. चिटणिसाच्या खुर्चीमागे त्याचा मुक्काम, तब्बल २६ वर्षं. केळी, उंबरं खायचाच, पण उंदीर आणि विंचूही आवडीने. तीस फुटांवरून टाकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा. एकदा म्हणे पेटलेली सिगार गिळली आणि काही झालं नाही. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळून मेला. त्याच साली मिलार्ड निवृत्त झाला होता, आणि जुनी मंडळी म्हणत की तारेपेक्षा मालक गेल्याचंच त्याने जास्त मनाला लावून घेतलं. संस्थेच्या बोधचिन्हावरचा पक्षी आणि शहीद भगतसिंग मार्गावरच्या ‘हॉर्नबिल हाऊस’चं नाव, दोन्ही धनेशाचीच.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर भायखळ्यापासून सुरुवात करा. आधी म्युझियमच्या आत उभे राहून त्या उंच खांबांखाली आठ खुर्च्या मनात मांडा, मग जे. जे.वरून सरळ फोर्टात या, व्ही. बी. गांधी मार्ग, मुंबई समाचार मार्ग आणि शेवटी लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस. चालत दीड-दोन तास लागतात, मध्ये चहा धरून. बुधवारी मात्र जाऊ नका. म्युझियम आणि राणीची बाग, दोन्ही बुधवारी बंद असतात.